वाटीवालं कटर

घोड्यावर उभं राहून, मान वर करून काम करणाऱ्या माणसाच्या डोळ्यांत काय काय पडतं, हे खाली उभ्या असलेल्या घरमालकाला सहसा दिसत नाही. मला ते दिसलं पुण्यातल्या आमच्या घराचं फॉल्स सीलिंग झालं तेव्हा. सीलिंगवाले गेले, रंगाचा पहिला हात झाला आणि इलेक्ट्रिशियन आला. हॉलमध्ये १२ दिवे बसवायचे होते, म्हणजे १२ गोल भोकं पाडायची होती. त्याच्या हाताखालच्या पोरानं कंपासनं गोल काढला, एका टोकाला चिंधी गुंडाळलेलं हॅक्सॉचं पान उचललं आणि करवतायला लागला. पहिला गोल पुरा होईपर्यंत पोराच्या भुवया पांढऱ्या झाल्या होत्या, डोळ्यांतून पाणी येत होतं आणि गोल एका बाजूला सूतभर फुगला होता.

"अरे, डोळे फोडून घेशील. वाटीवालं कटर घे," इलेक्ट्रिशियन म्हणाला.

दुकानात याला अ‍ॅडजस्टेबल होल कटर म्हणतात. मला वाटीवालं कटर हेच नाव बरोबर वाटतं, कारण यातली सर्वांत मोलाची वस्तू ती वाटीच आहे. मधोमध साधं ड्रिल बिट, त्याला पायलट म्हणतात. त्याला जोडलेली आडवी पोलादी पट्टी, तिच्यावर आकड्यांच्या खुणा. पट्टीच्या दोन्ही अंगांना एकेक पातं, टोकाला टंगस्टन कार्बाइडचा तुकडा जडवलेला. स्क्रू ढिला केला की पातं सरकतं. हव्या आकड्यावर आणून आवळायचं. आणि या सगळ्याला पोटात घेणारी, छताकडे तोंड केलेली पारदर्शक प्लॅस्टिकची वाटी. वाटीला स्प्रिंग असते. काठ सीलिंगला टेकवून दाबलं की स्प्रिंग दबते आणि पाती बोर्डात शिरतात. पाती फिरतात, वाटी जागेवर राहते, भुकटी तिच्यात पडते.

साधं होल सॉ म्हणजे दात असलेली पोलादी डबी. एका मापाला एक डबी. दिव्यांच्या बाबतीत ते गैरसोयीचं ठरतं, कारण भोकाचं माप दिव्यागणिक बदलतं. खोक्यावर कटआउट म्हणून जो आकडा छापलेला असतो तो दिव्याच्या बाहेरच्या व्यासापेक्षा लहान असतो. दिवा १७० मिलिमीटरचा आणि कटआउट १५० चा असेल, तर दिव्याच्या कडेला भोक झाकायला चहूबाजूंनी १० मिलिमीटर मिळतात. चूक पोटात घालायला तेवढीच जागा. सरकत्या पात्यांचं कटर साधारण ४० पासून २०० मिलिमीटरपर्यंत कुठलंही माप कापतं. मोठ्या जातीची ३०० पर्यंतही जातात. कल्पना तशी जुनी आहे. सुताराच्या गिरमिटाला सरकतं पातं बसवून एकाच बिटानं लहानमोठी भोकं पाडायची सोय १९व्या शतकातच झाली होती. वाटी नंतरची.

ज्या बोर्डासाठी हे कटर बनलं, त्याची गोष्ट अमेरिकेतली. ऑगस्टीन सॅकेट यांनी १८९४ मध्ये कागद आणि प्लॅस्टर यांचे थर एकावर एक बसवलेल्या बोर्डाचं पेटंट घेतलं. ओलं प्लॅस्टर थापून ते वाळण्याची वाट बघण्यापेक्षा कोरडा तक्ता आणून ठोकायचा, म्हणून तिकडे त्याला ड्रायवॉल हे नाव पडलं. दुसऱ्या महायुद्धानंतर तिथे घरं भराभर उठली आणि लाकडी सांगाड्यावर हाच बोर्ड सर्रास चढला. आपल्याकडे भिंती विटांच्या. त्यामुळे तिकडची भिंत इकडे येऊन छत झाली. मला या बदलाचं महत्त्व वाटतं, कारण भिंतीत भोक पाडताना भुकटी पायाशी पडते आणि छतात पाडताना तोंडावर.

आत असतं जिप्सम. राजस्थानातल्या बिकानेर, नागौर भागात ते निघतं. तापवलं की त्यातलं बरंचसं पाणी उडतं आणि पीओपी तयार होतं, जे गणपतीच्या मूर्तींमुळे घराघरांत माहीत आहे. त्यात पुन्हा पाणी कालवलं की ते घट्ट होतं. घट्ट झालेल्या १०० किलो शुद्ध जिप्सममध्ये जवळजवळ २१ किलो पाणी बांधलेलं असतं. आग लागली तर हे पाणी वाफ होऊन बाहेर पडतं आणि तोवर बोर्डाची दुसरी बाजू फार तापत नाही. म्हणून छतातलं भोक दिव्याला हवं तेवढंच असावं. अघळपघळ भोक हा नुसता दिसण्याचा दोष नव्हे. जिप्सम इतकं मऊ की नखानं ओरखडा उठतो. १२.५ मिलिमीटर जाडीचा बोर्ड हे कटर काही सेकंदांत कापतं ते त्यामुळेच, आणि इतकी बारीक भुकटी होते तीही त्यामुळेच.

आमच्या इलेक्ट्रिशियननं कटर लगेच चालवलं नाही. आधी दोन्ही पाती एकाच आकड्यावर आणली आणि पायलटपासून दोघांचं अंतर टेपनं पुन्हा मोजलं. एक पातं मिलिमीटरभर जरी लांब राहिलं तर दोन चऱ्या पडतात, मशीन हाताला झटके देतं आणि कड फाटते. मग सीलिंगवाल्यांनी टाकून दिलेल्या तुकड्यावर एक भोक पाडून त्यात दिवा घालून बघितला. पट्टीवरच्या खुणांवर तो विसंबत नव्हता; त्याचा भरवसा तुकड्यावरच्या भोकावर.

त्यानंतर त्यानं जे केलं ते मी कुठल्याही माहितीपत्रकात वाचलेलं नाही. हॉलच्या वायरिंगचा एमसीबी पाडला, मध्यबिंदूवर फक्त बारीक भोक पाडलं आणि त्यातून काटकोनात वाकवलेली जाड तार वर सरकवली. वाकवलेला भाग बरोबर भोकाच्या त्रिज्येएवढा. तार हळूहळू गोल फिरवली. बोर्डाच्या वर जीआयचे चॅनल असतात, सीलिंग सेक्शन साधारण दीड-दीड फुटावर. तार कुठे अडली तर तिथे लोखंड आहे. चौथ्या दिव्याच्या जागी ती अडली. त्यानं लगेच ती सबंध ओळ दोन इंच सरकवली. बारीक भोक लांबीनं बुजतं. सहा इंची भोक पाडल्यावर चॅनल दिसला असता तर तो बोर्डच बदलावा लागला असता. अशी कारागिरी बिलात कुठेच लिहिली जात नाही, याचं मला वाईट वाटतं.

वेगाचं गणितही ध्यानात ठेवण्यासारखं आहे. १५० मिलिमीटरच्या वर्तुळावर पात्याचं टोक एका फेऱ्यात ४७ सेंटिमीटर जातं. ड्रिलच्या पहिल्या गिअरवर मिनिटाला ४५० फेरे धरले तर हा वेग ताशी १३ किलोमीटरच्या आसपास पडतो, म्हणजे सायकलचा. तेच १५०० फेऱ्यांवर नेलं तर ताशी ४२, भर रस्त्यातल्या स्कूटरचा. म्हणून पहिला गिअर, हॅमर बंद, आणि दाबण्याची घाई नाही. पात्यांनी आधी कागद सगळीकडून सारखा कापला पाहिजे. अर्धंमुर्धं दाबून घुसवलं तर कागद सोलून निघतो आणि दिव्याच्या कडेबाहेर ती जखम दिसत राहते.

सगळ्याच छतांना हे कटर चालत नाही. जाळीवर थापलेल्या जुन्या पीओपी सीलिंगमध्ये पातं तारेत अडकतं आणि मनगट मुरगळतं. तिथे होल सॉ नाही तर करवतच बरी. घराचे जुने सिमेंटचे पत्रे असतील तर त्यांना कुठलंच कटर लावू नये. त्यांत अ‍ॅस्बेस्टॉस असण्याचा संभव दाट, आणि त्याची धूळ फुप्फुसांना कायमची धरते.

मला सर्वांत खटकतं ते वेगळंच. मी नंतर आणखी दोन-तीन कामांवर हे कटर पाहिलं. पाती होती, पट्टी होती, वाटी नव्हती. विचारलं तर सांगतात, ओरखडे पडून धूसर झाली, आतलं दिसत नाही, काढून टाकली. अडचण खरी आहे. पण तिच्यावर उपाय ओल्या फडक्याचा आहे, आणि फारच धूसर झाली तर मध्यबिंदू आधीच पाडलेल्या भोकानं ठरलेला असतो. आत बघावं लागतच नाही. वाटी असली तरी गॉगल आणि मास्क हवेतच, कारण वाटी खाली घेताना थोडी भुकटी सांडते. जो माणूस महिन्याचे वीस दिवस छताकडे तोंड करून उभा असतो, त्याला हे तिन्ही कंत्राटदारानं द्यावेत आणि घरमालकानं ते मागावेत. मी तरी यापुढे कटरला वाटी आहे का, हे काम सुरू होण्याआधी विचारणार आहे.

आमच्या हॉलची उरलेली ११ भोकं जेवणाच्या सुट्टीआधी झाली. प्रत्येक वेळी वाटी खाली आली की आत पायलटवर अडकलेली पांढरी चकती निघे. पोरगं वाटी पोत्यात उपडी करी, चकती बाजूला ठेवी. शेवटी इलेक्ट्रिशियननं त्यातल्या दोन चांगल्या चकत्या निवडल्या, पेन्सिलीनं त्यांच्यावर १५० असं लिहिलं आणि माझ्या हातात दिल्या.

"काका, माळ्यावर ठेवा. उद्या दिवा काढून भोक बुजवायचं झालं, तर मागून पट्टी देऊन हीच बसवता येते. आणि नवा दिवा आणायला जाल तेव्हा हा आकडा दुकानात सांगा."

चकत्या माळ्यावर आहेत, रंगाच्या उरलेल्या डब्याशेजारी.