दारावरचा मुखवटा

मैत्रिणींनो, कुणी आपल्या आडनावाची मोडतोड केली की केवढा राग येतो, नाही? शाळेच्या दाखल्यावर एक काना चुकला तरी आपण दहा हेलपाटे घालतो. पॅरिसमध्ये मात्र असं एक घर आहे, जिथे बिघडलेलं नाव चक्क दगडात कोरून ठेवलंय!

हे घर म्हणजे ‘ओतेल कार्नावाले’. खाण्याचं हॉटेल नव्हे बरं का! शहरातल्या बड्या माणसांच्या वाड्याला फ्रेंच लोक ‘ओतेल’च म्हणतात. मारे या जुन्या वस्तीतला हा वाडा १५४८ च्या सुमारास जाक द लिन्येरी या न्यायाधीशाने बांधायला घेतला. १५७८ मध्ये तो विकत घेतला एका विधवेने, फ्राँस्वाझ द ला बोम हिने. तिचे यजमान ब्रिटनीकडचे, आडनाव केर्नेव्हनुआ. पॅरिसकरांच्या जिभेला ते काही वळेना. बोलता बोलता त्याचं ‘कार्नावाले’ झालं आणि वाड्याला चिकटलं ते कायमचं.

आता दरवाज्याकडे या. बग्गी सहज आत जाईल एवढी मोठी दगडी कमान, जोडीला कोरीव सिंह. ही शिल्पं जाँ गुजाँ या नामवंत शिल्पकाराची मानतात. कमानीच्या माथ्यावर, मधोमध बसवलेल्या दगडावर, समृद्धीची देवता उभी आहे. तिच्या पायाखाली मुळात पृथ्वीचा गोल होता. पुढे कुणीतरी त्याला छिन्नी लावून त्याचा मुखवटा केला! कार्नावाले म्हणजे कार्निव्हल, अशी ही कोटी. आपल्या गोव्यात होतो तोच सण. कोटी मजेदार खरी, पण नवऱ्यामागे हिमतीने घर घेणाऱ्या त्या बाईच्या नावाची ही थट्टा मला जराशी टोचलीच.

१६६० च्या सुमारास फ्राँस्वा माँसार यांनी वाडा पुष्कळ बदलला, रस्त्याच्या बाजूला मजला चढवला. दरवाजा मात्र ठेवला.

याच दारातून १६७७ मध्ये भाडेकरू म्हणून आल्या मादाम द सेविन्ये. याही विधवा! पंचविसाव्या वर्षी नवरा द्वंद्वयुद्धात गेला, पदरात दोन मुलं. लेक लग्नानंतर दूर प्रोव्हाँसला. तिला लिहिलेल्या पत्रांनीच या आईचं नाव अजरामर केलं. घर मिळाल्याची बातमीही पत्रातूनच गेली: लाकडी फरशी नाही, नव्या फॅशनच्या छोट्या शेकोट्या नाहीत, पण अंगण आहे, बाग आहे, वस्ती चांगली, आणि मुख्य म्हणजे आपण सगळे मावू! लेक-जावई राहायला येतील अशी जागा बघायची, हे आईचं गणित तुम्हाला मी काय समजावून सांगू? शेवटपर्यंत त्यांनी हे घर सोडलं नाही. १६९६ मध्ये प्राण गेला तो मात्र लेकीच्या घरी, ग्रिन्याँला.

१८६६ मध्ये पॅरिस शहराने वाडा विकत घेतला. १८८० पासून तिथे शहराच्या इतिहासाचं संग्रहालय आहे. मोठ्या दुरुस्तीनंतर २०२१ मध्ये ते पुन्हा उघडलं. कायमचा संग्रह बघायला तिकीट नाही. कुणी जाणार असाल, तर आधी रस्त्यावर थांबून मान वर करा. मुखवटा लहान आहे, घाईत नजरेतून निसटतो.