सुडाच्या शाळेत वाढलेली मुलगी

पृथ्वी नष्ट झाली तेव्हा किरचा जन्मही झालेला नव्हता, तरी तो दिवस तिला तोंडपाठ आहे. सरावाच्या खोलीत यंत्र तो प्रसंग हुबेहूब उभा करतं. ती जीव तोडून लढते, हरते, आणि १४ अब्ज माणसं तिच्या डोळ्यांदेखत पुन्हा मरतात.

एमिली टेश या ब्रिटिश लेखिकेची 'सम डेस्परेट ग्लोरी' ही कादंबरी २०२३ साली आली आणि २०२४ साली तिला ह्यूगो पुरस्कार मिळाला. प्रकार स्पेस ऑपेरा: परग्रहवासी, अंतराळयानं, विश्वाएवढी भांडणं. हा शब्द विल्सन टकर यांनी १९४१ साली काढला तो हिणवायला. रतीब घातल्यासारख्या अंतराळकथांना त्यांनी दिलेली ती शिवी होती. पुढे शिवीचंच बिरुद झालं. कादंबरी सॅफिकही आहे; बायकांच्या बायकांवरच्या प्रेमाला 'सॅफिक' म्हणतात, ते लेस्बॉस बेटावरच्या प्राचीन ग्रीक कवयित्री सॅफोवरून.

टेश यांनी शाळेत लॅटिन आणि ग्रीक शिकवलेलं आहे, आणि ते पानोपानी जाणवतं. उरल्यासुरल्या माणसांपैकी जे शरण गेले नाहीत, त्यांचं गीआ नावाचं अंतराळस्थानक म्हणजे दुसरं स्पार्टाच. सरावाच्या खोलीचं नावसुद्धा 'अगोगे', म्हणजे स्पार्टातल्या पोरांना ज्या प्रशिक्षणातून जावं लागे तेच. सतरा वर्षांची किर तिथली अव्वल योद्धा. आपली नेमणूक लढाऊ तुकडीत होणार याची तिला खात्री असते. हुकूम हातात पडतो तो 'नर्सरी'चा: गीआसाठी मुलं जन्माला घालायची. जुळा भाऊ मॅग्स जिवावरच्या मोहिमेवर जातो.

इथून नात्यांचा गुंता सुरू होतो. किर ज्याला काका म्हणते तो सेनापती जोलच स्थानकाचा सर्वेसर्वा. काका म्हटलं की हुकमाला वात्सल्याचा मुलामा चढतो. मोठी बहीण अर्सा गीआ सोडून गेलेली, म्हणून फितूर. ती राहते त्या ग्रहाचं नाव क्रायसोथेमिस. सोफोक्लिसच्या 'इलेक्ट्रा'त वडिलांच्या खुनाचा सूड घ्यायला नकार देणाऱ्या बहिणीचं हेच नाव! हे नाव सहज पडलेलं नसावं.

प्रेमकथा मात्र थोडकीच आहे. लिझाबेल ही किरच्याच तुकडीतली. तिच्याबद्दल आपल्याला काय वाटतं हे किरला फार उशिरा उमगतं, कारण गीआवर बाईच्या मनाची गरज कुणालाच नसते. विजय तेंडुलकरांचं 'मित्राची गोष्ट' हे नाटक आठवणाऱ्यांना इथे वेगळीच कोंडी दिसेल. त्या नाटकातल्या मित्रा या नायिकेला आपलं बाईवरचं प्रेम कळलेलं असतं आणि जग आड येतं. किरच्या मनातच गीआने ठाण मांडलंय.

मधल्या भागात, वास्तवच बदलू शकणाऱ्या 'विज्डम' या यंत्रामुळे, कथा अशी काही गिरकी घेते की त्यापुढचं सांगणं म्हणजे वाचकाचा हक्क मारणं. त्या गिरकीनंतर काही घटना जरा सोयीने घडतात, हेही खरं. पण सुडाची भूक रक्तातून येत नाही, ती घरात भरवली जाते, हे टेश ज्या थंडपणे दाखवतात त्यापुढे ती सोय खपून जाते.

सुरुवातीची बरीच पानं किर उद्धट, निर्दय आणि स्वतःवर खूश असते. तिचा राग येईल. येऊ द्या, पण पुस्तक मिटू नका.