घड्याळ म्हणतं ६०० कॅलरी जळाल्या, मग खायचं किती? रेसची तयारी आणि वजन कमी करणं एकत्र कसं जमवायचं

शिरूर, दौंड भागात पहाटे साडेपाचला बाहेर पडलं की कालव्याच्या कडेने, मैदानावर, गावाबाहेरच्या रस्त्यावर पळणारी पोरं-पोरी दिसतातच. कुणी पोलीस भरतीसाठी, कुणी राज्य राखीव पोलीस दलासाठी, कुणी पुण्यातल्या १० किलोमीटरच्या रेससाठी, तर कुणी फक्त पोट कमी करायला. जवळपास प्रत्येकाच्या खिशात फोन किंवा हातात दीड-दोन हजारांचं स्मार्टवॉच असतं.

मी शिरूरचा, पुण्यात सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे. गेल्या वर्षीपासून मी हाफ मॅरेथॉनची तयारी करतोय आणि वजनही उतरवतोय. दौंडचा माझा मामेभाऊ राखीव दलाच्या भरतीसाठी ५ किलोमीटर मारतो. त्याने मला विचारलं, "दादा, घड्याळ रोज ६०० कॅलरी दाखवतंय आणि ॲप म्हणतंय दिवसाला १२०० च खा. नेमकं कुणाचं ऐकू?" प्रश्न एकदम बरोबर आहे. उत्तरासाठी आधी हे आकडे येतात कुठून ते बघू.

घड्याळ कॅलरी मोजत नाही, अंदाज बांधतं

घड्याळाच्या मागे हिरवा लाइट असतो. रक्त हिरवा प्रकाश शोषून घेतं, त्यामुळे प्रत्येक ठोक्याला परत येणारा प्रकाश कमी-जास्त होतो. सेन्सर ते पकडतो आणि त्यावरून हार्ट रेट काढतो. मग तुमचं वय, वजन, उंची, लिंग आणि हार्ट रेट एका फॉर्म्युल्यात टाकून कॅलरीचा आकडा दाखवला जातो. म्हणजे मोजले जातात फक्त ठोके. कॅलरी हा त्यावरचा अंदाज.

हा अंदाज किती चुकतो? २०१७ मध्ये स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या टीमने ६० जणांच्या मनगटावर ७ वेगवेगळी डिव्हाइस बांधून तपासणी केली. सातपैकी सहा डिव्हाइसचा हार्ट रेट ५ टक्क्यांच्या आत बरोबर होता. पण कॅलरीच्या बाबतीत सगळ्यात चांगलं डिव्हाइस सरासरी २७ टक्के चुकलं, आणि सगळ्यात वाईट ९३ टक्के. त्यात नामांकित कंपन्यांची महागडी घड्याळंही होती.

आपल्याकडे अजून एक भानगड आहे, ती म्हणजे ऊन. उन्हात शरीर थंड ठेवायला हृदय जास्त ठोके मारतं. त्यामुळे मे महिन्यात दौंडला सकाळी ८ वाजता पळालात, तर त्याच वेगाला हार्ट रेट जास्त येतो आणि घड्याळ कॅलरीही जास्त दाखवतं. प्रत्यक्षात तेवढी चरबी जळालेली नसते. झोप कमी झाली, पट्टा सैल असला, तरी आकडा बिघडतो.

मग खरा आकडा कसा काढायचा?

कागदावर. पळण्याचा ढोबळ नियम सोपा आहे: दर किलोला, दर किलोमीटरला साधारण १ कॅलरी. माझं वजन ७८ किलो, म्हणून ५ किलोमीटरला साधारण ३९० कॅलरी. वेग थोडा कमी-जास्त झाला तरी या आकड्यात फार फरक पडत नाही. अंतर फोनच्या जीपीएसवरून घ्या. आपल्याकडे उंच इमारती कमी, आकाश मोकळं, त्यामुळे अंतर बऱ्यापैकी बरोबर येतं.

आता दिवसाचा एकूण खर्च. त्यासाठी १९९० साली आलेला मिफ्लिन-सेंट जॉर हा फॉर्म्युला बरीच ॲप वापरतात:

- १० × वजन (किलो) + ६.२५ × उंची (सेंमी) − ५ × वय. पुरुषांसाठी शेवटी ५ मिळवा, स्त्रियांसाठी १६१ वजा करा.
- माझं उदाहरण: ७८ किलो, १७२ सेंमी, २८ वर्षं. ७८० + १०७५ − १४० + ५ = १७२०. नुसतं पडून राहिलो तरी शरीराला एवढं लागतं.
- बैठं काम असेल तर याला १.२ ने गुणा. आले साधारण २०६०. शेतात किंवा कंपनीत उभ्याचं काम असेल तर खर्च याहून जास्त.

इथे बहुतेक जण एक गोष्ट दोनदा मोजतात. ॲपमध्ये आधी "ॲक्टिव्ह" निवडतात, म्हणजे पळणं त्यात धरलं गेलं. मग घड्याळ जोडतात आणि त्याच पळण्याच्या कॅलरी परत मिळवल्या जातात. शिवाय त्या अर्ध्या तासात नुसतं बसून राहिलो असतो तरी ४० एक कॅलरी खर्च झाल्याच असत्या. म्हणून ॲपमध्ये "बैठं काम" निवडा, पळणं वेगळं धरा आणि त्यातले ४० वजा करा. माझ्यासाठी ५ किलोमीटरच्या दिवशी २०६० + ३५० = साधारण २४०० चा खर्च झाला.

माझा आठवडा असा आहे

- आरामाचे ३ दिवस: खर्च २०६०, खाणं साधारण १७५०. तूट ३००.
- ५ किलोमीटरचे ३ दिवस: खर्च २४००, खाणं २०००. तूट ४००.
- रविवारी १२ किलोमीटर: खर्च साधारण २९००, खाणं २७००. तूट फक्त २००.

आठवड्याची एकूण तूट साधारण २३०० कॅलरी. एक किलो चरबीत अंदाजे ७७०० कॅलरी धरतात, म्हणजे आठवड्याला ३०० ग्रॅम. ऐकायला कमी वाटतं, पण दहा आठवड्यांत ३ किलो, तेही पळण्याचा वेग न घालवता. सगळ्यात लांब पळायच्या दिवशी सगळ्यात कमी तूट ठेवायची, हा यातला मुद्दा.

१२०० कॅलरी खाऊन पळालं तर काय होतं?

मामेभावाचा प्रश्न होता, "पोटात कमी असलं की हलकं पळता येतं ना?" पहिला आठवडा तसंच वाटतं. काटा दोन किलो खाली येतो. पण त्यातलं बरंचसं पाणी असतं. शरीर कार्बोहायड्रेट ग्लायकोजेनच्या रूपात साठवतं आणि प्रत्येक ग्रॅमसोबत साधारण ३ ग्रॅम पाणी धरून ठेवतं. खाणं एकदम तोडलं की साठा रिकामा होतो आणि पाणीही जातं. पळताना वापरायचं इंधन नेमकं तेच असतं. त्यामुळे तिसऱ्या किलोमीटरला पाय जड होतात.

हे महिनोन्महिने चाललं तर प्रकरण गंभीर होतं. खेळाडूंमधल्या या ऊर्जेच्या कमतरतेला आंतरराष्ट्रीय ऑलिम्पिक समितीने २०१४ मध्ये रेड-एस असं नाव दिलं. हाडं कमजोर होतात, नडगीचं दुखणं बरं होत नाही, हाडाला बारीक चीर पडू शकते, चिडचिड वाढते, झोप बिघडते. मुलींची पाळी अनियमित झाली किंवा बंद पडली, तर "पळतेय म्हणून होतं असं" म्हणून सोडून देऊ नका, डॉक्टरांना भेटा.

भरतीवाल्यांनी एक लक्षात ठेवा. राखीव दलाच्या मैदानी चाचणीत १०० पैकी ५० गुण एकट्या ५ किलोमीटरला असतात, आणि ते वेळेवर मिळतात, वजनावर नाही. चार किलो उतरवून वेळ अर्ध्या मिनिटाने वाढली तर तोटा तुमचाच.

वाढलेलं वजन उतरवून मोठा धावपटू होता येतं, हे बीडच्या मांडवा गावच्या अविनाश साबळेने दाखवलंय. सैन्यात असताना त्याचंही वजन वाढलं होतं. ते कमी करून तो पुढे ३००० मीटर स्टीपलचेसमध्ये २०२२ च्या राष्ट्रकुल स्पर्धेत रौप्य आणि २०२३ च्या आशियाई स्पर्धेत सुवर्ण घेऊन आला. पण त्याच्यामागे प्रशिक्षक होते. आपल्यामागे फक्त ॲप असेल, तर हळू जाणंच शहाणपणाचं.

ताटात काय हवं?

वेगळा डाएट लागत नाही. भाकरी, मटकीची उसळ, वरण, पालेभाजी, ताक, अंडी, सगळं चालतं. फक्त तीन गोष्टी बघा.

- प्रोटीन: वजन उतरवताना स्नायू टिकवायचे तर दर किलोला १.२ ग्रॅम तरी हवं, जमलं तर १.६. दोन अंड्यांत १२ ग्रॅम, १०० ग्रॅम शेंगदाण्यात २५ ग्रॅम. पण त्याच शेंगदाण्यात साडेपाचशेहून जास्त कॅलरी असतात, म्हणून मूठभरच.
- तेल: एका मोठ्या चमच्यात साधारण १२० कॅलरी. ॲपमध्ये "भाजी १ वाटी" टाकलं की घरचा तर्रीवाला रस्सा त्यात मोजला जात नाही. भाकरीचंही तसंच. कुणाची ४० ग्रॅम पिठाची, कुणाची ८० ची. आठवडाभर पीठ काट्यावर मोजा, नंतर अंदाज येतो.
- वेळ: तासाभराहून जास्त पळायचं असेल तर आधी केळं किंवा गुळाचा खडा खा. आल्यावर तासाभरात नीट जेवा. उन्हाळ्यात लिंबूपाण्यात मीठ विसरू नका.

रांजणगाव-कुरकुंभच्या शिफ्टवाल्यांसाठी

बहुतेक ॲपचा दिवस रात्री १२ ला बदलतो. नाइट शिफ्टला तुमचं जेवण एका तारखेत आणि पहाटेचा डबा दुसऱ्या तारखेत जातो. मग एक दिवस उपाशी दिसतो आणि दुसरा दिवस "लिमिट ओलांडली" म्हणून लाल होतो. अशा वेळी रोजचा आकडा बघूच नका, आठवड्याची सरासरी बघा. आणि रात्रपाळी संपवून थेट जोरात पळायला जाऊ नका. आधी झोप काढा, संध्याकाळी पळा.

फोनमध्ये नेमकं काय बघायचं?

१. वजनाची ७ दिवसांची सरासरी. रोजचं वजन एक-दीड किलो सहज हलतं.
२. सकाळी उठल्याउठल्याचा हार्ट रेट. तो चार-पाच दिवस नेहमीपेक्षा वर असेल तर आराम कमी पडतोय.
३. त्याच रस्त्यावर, त्याच वेगाला येणारा हार्ट रेट. तो महिन्याभरात खाली आला की तयारी बरोबर चाललीय.

रेसच्या किंवा मैदानी चाचणीच्या दोन आठवडे आधी तूट पूर्ण थांबवा आणि खर्चाएवढं खा. काटा किलोभर वर जाईल. ते पायात भरलेलं इंधन आणि पाणी आहे. घाबरून पुन्हा उपास सुरू करू नका. मामेभावाच्या ॲपमधलं १२०० चं टार्गेट आम्ही काढून २१०० केलंय. रोज पळतो म्हणून त्याला तेवढं लागतं, आणि वजन तरीही उतरतंय.