ब्रिक्समीटरपासून सोन्याच्या अँटेनापर्यंत

पणदऱ्यात येऊन नॅनो-अँटेनावर बोलणार म्हटल्यावर एकाने आम्हाला विचारलं, "सर, तुम्ही तत्त्वज्ञानाचे, हे कुठून काढलंत?" प्रश्न रास्त आहे. आम्ही जन्मभर न्यायदर्शन शिकवलं. पण त्या दर्शनाचा मुख्य प्रश्नच असा, की जे दिसतं त्यावरून जे दिसत नाही ते कसं ठरवायचं. आजचं यंत्र नेमकं हेच करतं.

सुरुवात तुमच्या शेतातूनच करू. ब्रिक्समीटर बऱ्याच जणांनी हाताळलाय. उसाच्या रसाचा थेंब काचेवर टाकायचा, झाकण दाबायचं, उजेडाकडे धरून डोळा लावायचा आणि रेघ जिथे पडते तो आकडा वाचायचा. त्यात साखर कुणी मोजली? कुणीच नाही. रसात शिरताना प्रकाश किती वाकला, एवढंच मोजलं. पाण्याचा अपवर्तनांक 1.333, तर 20 ब्रिक्सच्या साखरपाण्याचा साधारण 1.364. फरक अगदी थोडा, पण आपल्याला पुरतो. आणि ब्रिक्स 20 आला म्हणजे साखर 20 टक्के नव्हे, हे कारखान्याला ऊस घालणाऱ्याला आम्ही काय सांगायचं? क्षार, ग्लुकोज, जे जे विरघळलेलं ते सगळं प्रकाश वाकवतं. म्हणून कारखान्याची प्रयोगशाळा पोल वेगळा काढते. ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढे लागेल.

आता ऊस सोडून इंदापूरकडच्या द्राक्षबागेत चला. 2010 साली आपल्या द्राक्षांत क्लोरमेक्वाट क्लोराइड या वाढ रोखणाऱ्या रसायनाचे अंश युरोपात सापडले आणि निर्यातीचा माल अडकला. असे अंश किलोमागे मिलिग्रॅमात, कधी त्याहून कमी असतात. ब्रिक्समीटरला ते दिसणं शक्य नाही, कारण तो अख्ख्या थेंबाची सरासरी सांगतो. नमुना प्रयोगशाळेत पाठवायचा, पैसे भरायचे, अहवालाची वाट पाहायची. तोवर माल वेलीवर. बांधावरच उत्तर मिळालं तर? या आशेपोटी जगभर ही धडपड चालू आहे.

त्यासाठी असा डोळा हवा, जो अख्खा थेंब न पाहता पृष्ठभागाला चिकटलेला रेणूंचा पातळ थरच पाहील. इथे अँटेना येतो. आपल्याच जिल्ह्यात नारायणगावजवळ खोडदला 45 मीटर व्यासाच्या 30 तबकड्या आहेत, आकाशातून येणाऱ्या रेडिओ लहरी पकडणाऱ्या. अँटेनाचं काम पसरलेली लहर एका जागी गोळा करणं. त्याचा आकार लहरीच्या लांबीवर ठरतो. एफएमची लहर साधारण 3 मीटरची, म्हणून तिची दांडी निम्मी, दीड मीटरची. तांबड्या प्रकाशाची लहर 700 नॅनोमीटर, म्हणजे दांडी 350 ची हवी. पण सोन्याची दांडी शंभराच्या आसपासही चालते. रेडिओला धातू म्हणजे भिंत. प्रकाश मात्र सोन्यात वीस-तीस नॅनोमीटर आत शिरतो आणि तिथले इलेक्ट्रॉन भांड्यातल्या पाण्यासारखे हिंदकळतात. या हिंदकळण्याला प्लाझ्मॉन म्हणतात. त्याने प्रकाश दांडीच्या टोकाशी दाटतो आणि पुढच्या दहा-वीस नॅनोमीटरांत विरूनही जातो. म्हणूनच त्याला फक्त जवळचा थर दिसतो.

हे परकं वाटत असेल, पण कोविडच्या काळात प्रत्येकाने पाहिलंय. घरच्या घरी करायच्या चाचणीच्या पट्टीवर उमटणारी तांबडी रेघ बहुतेक वेळा सोन्याच्या सूक्ष्म कणांचीच असते. पिवळं सोनं इतकं बारीक झालं की हिरवा प्रकाश गिळतं आणि तांबडं दिसतं. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत मुरली शास्त्री यांच्या गटाने 2004 साली गवती चहाच्या अर्कातून सोन्याच्या चपट्या त्रिकोणी कणिका बनवून दाखवल्या. परसातला गवती चहा, बरं का!

मग आणखी रचना ती काय करायची? अडचण आकड्यात आहे. अपवर्तनांक एकाने वाढला, तर असा अँटेना आपला रंग सुमारे 200 नॅनोमीटर सरकवतो असं धरू. शून्यापासून 20 ब्रिक्सपर्यंत गेलो तर सरक फक्त 6 नॅनोमीटर. रेणूंच्या एका थराने एखादा नॅनोमीटर, तोही नशीब असेल तर. आणि सोन्याच्या त्या रंगाची रुंदी पन्नास ते शंभर नॅनोमीटर! जाड खडूने ओढलेली रेघ केसाएवढी सरकली का, हे ओळखायचंय. ती जाड का? हिंदकळणारी ऊर्जा सोन्यात उष्णता होऊन वाया जाते.

म्हणून लोक सिलिकॉनकडे वळले. सुमारे 1100 नॅनोमीटरच्या पुढच्या अवरक्त प्रकाशाला शुद्ध सिलिकॉन पारदर्शक आहे, त्यामुळे ही गळती नाही. पण तिथे प्रकाश कणाच्या पोटात दाटतो, बाहेरच्या रेणूला कमी भेटतो. बरं, सोन्याची दांडी सिलिकॉनवर ठेवली तर? सिलिकॉनचा अपवर्तनांक साडेतीनच्या घरात, तो प्रकाश खाली ओढून घेतो, आणि आपला रेणू तर वर. मग मध्ये ऑक्साइडचा थर द्या, नाहीतर दांडी खांबावर चढवा. सोनं नीट चिकटत नाही म्हणून खाली टायटॅनियम द्यावं, तर त्याने रेघ आणखी जाड होते. शिवाय चिप बनवणारे कारखाने सोन्याला दारात उभं करत नाहीत, ते सिलिकॉनमध्ये शिरून सर्किट बिघडवतं. म्हणून काही जण सिलिकॉनमध्येच फॉस्फरससारखी भेसळ भरपूर घालतात. मग ते मध्य-अवरक्त प्रकाशात धातूसारखं वागतं, आणि रेणूंची स्वतःची कंपनं नेमकी तिथेच ओळखता येतात. आम्हाला ही वाट सगळ्यांत पटते.

आता न्यायदर्शनाकडे. जिथे धूर तिथे अग्नी, हे खरं. जिथे अग्नी तिथे धूर, हे मात्र खरं नाही. तापलेल्या लोखंडी गोळ्यात अग्नी आहे, धूर नाही. धुराला ओलं इंधन लागतं. या आडून शिरलेल्या अटीला नैयायिक उपाधी म्हणतात. "रेणू चिकटला म्हणून रंग सरकला" हे धुरावरून अग्नी ओळखण्यासारखं वाटतं, पण रंग दुसऱ्या कशानेही सरकतो. पाण्याचा अपवर्तनांक दर अंशाला साधारण 0.0001 ने उतरतो. सकाळ-दुपारमध्ये 15 अंशांचा फरक पडला, तर 0.3 नॅनोमीटर सरक नुसत्या उन्हाची. द्राक्षाच्या रसातली साखर, धूळ, प्रथिनं, सगळी चिकटायला टपलेली. म्हणजे पुन्हा ब्रिक्स आणि पोलचाच घोळ. अँटेनावर फक्त एकाच रेणूला धरणारा लेप असतो, ही इथली उपाधी. लेप ढळला की अनुमान ढळलं, यंत्र मात्र आकडा दाखवतच राहणार.

सिलिकॉनचं खरं मोल आम्हाला इथे दिसतं. एका चकतीवर शेकडो सारखे अँटेना छापता येतात. निम्म्यांवर लेप, निम्मे कोरे, ऊन दोघांनाही तेच, आणि दोघांच्या सरकेतला फरक घ्यायचा. खरं तर कोऱ्या अँटेनाला काहीच ओळखता येत नाही, पण त्याच्यावाचून दुसऱ्याचं म्हणणं मानता येत नाही.

तेव्हा उद्या कुणी असं यंत्र विकायला आलं, तर त्याला तुमच्याच विहिरीचं पाणी द्या, दुसऱ्याच औषधाचं पाणी द्या, भर दुपारी द्या, आणि तिन्ही वेळा आकडा शून्य दाखवायला सांगा. मग भावाचं बोला. मागे हात वर दिसतोय, विचारा भाऊ.