ओवी, अभंग आणि मराठी ख्रिस्ती गायन

धर्मांतरित समाजाने भोवतालच्या लोकप्रिय गायनाशी कोणते नाते राखावे, हा प्रश्न मराठी ख्रिस्ती वाङ्मयात आरंभापासूनच उपस्थित झालेला दिसतो. बीड जिल्ह्यातील अंबाजोगाईचे दासोपंत (१५५१–१६१५) यांनी ‘गीतार्णव’ ओवीत रचले. त्यांचेच समकालीन फादर स्टीफन्स यांनी गोव्यात ‘क्रिस्तपुराणा’साठी (१६१६) तोच छंद स्वीकारला. नवख्रिस्तीयांना जुनी पुराणे वर्ज्य झाली होती. पुराणश्रवणाची ओढ मात्र कायम होती. स्टीफन्स यांनी आशय बदलला, छंद राखला.

एकोणिसाव्या शतकात हाच पेच पुन्हा निर्माण झाला. बीडला लागून असलेल्या अहमदनगर (आजच्या अहिल्यानगर) जिल्ह्यात १८३१ मध्ये अमेरिकन मराठी मिशनचे कार्य सुरू झाले. पाश्चात्त्य चालींवरील भाषांतरित गीते उपासनेत आली. परंतु मराठीची लय त्या चालींत ओढाताणीनेच बसे. पुढे कृष्णराव सांगळे यांनी ख्रिस्ती कीर्तन रूढ केले आणि १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतलेल्या ना. वा. टिळकांनी अभंग व भजन उपासनेत रुजविले.

छंद कोणत्याही एका धर्माच्या मालकीचा नसतो, एवढे म्हटल्याने मात्र प्रश्न संपत नाही. अभंगाबरोबर त्याची भक्तिपरिभाषाही येते. म्हणूनच टिळकांच्या काव्यात ख्रिस्त ‘माउली’ होतो. उसना घेतलेला छंद घेणाऱ्याच्या श्रद्धेलाही नवे रूप देतो, हे या परंपरेचा अभ्यास करताना ध्यानात घ्यावे लागते.