मास्तरीणबाई बाजारात

२०१८ च्या एप्रिलअखेर मी शाळेची नोकरी सोडली. त्या रात्री आमच्या घरी दोघांना जेवण गेले नाही. एक माझे वडील आणि दुसरी मी. आमचे यजमान मात्र दोनदा आमटी वाढून घेऊन व्यवस्थित जेवले, कारण हा सारा बेत त्यांच्या मामांच्या दुकानात शिजला होता आणि त्यांना त्याचा कोण अभिमान!

वडिलांनी टपाल खात्यात छत्तीस वर्षे काढलेली. ते म्हणाले, "अगं, अनुदानित शाळेतली कायम नोकरी! लोक त्यासाठी देव पाण्यात घालून बसतात, आणि तू ती सोडून विकायला निघालीस? मास्तरणीला लोक 'या बाई, बसा' म्हणतात. विकणाऱ्याला दारातूनच 'नको' म्हणतात."

त्यांचे काही चुकत होते असे मला तेव्हाही वाटले नाही. नवा पगार शाळेतल्या पगारापेक्षा जवळजवळ पाव हिश्शाने कमी होता. फ्लॅटच्या कर्जाचे हप्ते अजून अकरा वर्षे पुरणार होते. मुलगी सहावीत जाणार होती. आणि मी छत्तीस वर्षांची, बारा वर्षे आठवी ते दहावीला गणित शिकवलेली बाई, ज्या कामाला चालले होते त्याचे नाव मला धड उच्चारता येत नव्हते. प्रॉडक्ट मार्केटिंग!

हे प्रकरण सुरू झाले ते आदल्या दिवाळीत. १ जुलै २०१७ पासून जीएसटी लागू झाला होता आणि आम्ही दिवाळीच्या सुटीत कऱ्हाडला मामांकडे गेलो होतो. मामांचे किराणा मालाचे दुकान. गल्ल्याशेजारी नवाकोरा संगणक, त्यात बिले करण्याचा प्रोग्रॅम, आणि त्या सगळ्यावर प्लॅस्टिकचे आवरण. लक्ष्मीपूजनाला लाल चोपडीची पूजा झाली. संगणकाला कोणी फूलसुद्धा वाहिले नाही. मामा मेटाकुटीला आले होते. चहाला ५ टक्के, बिस्किटांना १८ आणि शांपूला २८. सुट्या तुरीच्या डाळीला काहीच नाही, पण तीच डाळ नोंदलेल्या छापाच्या पिशवीत आली की ५ टक्के. "सूनबाई, शेजारशेजारची दोन पोती, डाळ एकच, आणि सरकारच्या लेखी दोघींची जात वेगळी!" असे म्हणून ते हताशपणे माझ्याकडे पाहत.

मला गप्प बसवेना. फळ्यावर लिहितात तसे बाण काढून, चौकटी आखून मी चार पाने लिहिली : बिल कसे करायचे, कोणता माल कोणत्या दरात टाकायचा, चुकले तर काय करायचे. मामांनी ती डोळ्यांखालून घातली आणि गल्ल्यात ठेवली. रात्री मामी चष्मा लावून ती पाने वाचत बसल्या होत्या, हे मी पाहिले होते. पण त्याचा अर्थ माझ्या ध्यानात यायला पुढे एक वर्ष जावे लागले.

पुढे प्रिंटर दुरुस्त करायला आलेल्या मुलाने त्या पानांचे फोटो काढले. ते शेजारच्या दुकानात गेले, तिथून आणखी कुठे कुठे गेले, आणि फिरत फिरत तो प्रोग्रॅम बनवणाऱ्या पुण्याच्या छोट्याशा कंपनीच्या मालकांपर्यंत पोहोचले. त्यांनी मला भेटायला बोलावले.

"आजवर काय विकलंय तुम्ही?" हा त्यांचा पहिला प्रश्न.

"बारा वर्षं आठवीच्या वर्गाला बैजिक राशी," मी म्हणाले. हे धाडसाने नव्हे, घाबरून तोंडातून निघून गेले. ते मोठ्याने हसले. मग म्हणाले, "विकायला माझ्याकडे मुलं आहेत, प्रोग्रॅम बनवायलाही मुलं आहेत. पण आपली वस्तू नेमकी कोणाला हवी, कशासाठी हवी आणि त्याला ती कोणत्या शब्दांत कळेल, हे या दोन्ही टोळ्यांना सांगणारं कोणी नाही. ते काम करायचं."

या धंद्याची इतकी सोपी व्याख्या मला नंतर जाडजूड पुस्तकांतही सापडली नाही. पुस्तके मी पुष्कळ वाचली, कारण अडाणीपणाची लाज वाटत होती. त्यांत कळले की या कामाच्या आजोबांपैकी एक अमेरिकेतले नील मॅकेलरॉय. प्रॉक्टर अँड गँबल कंपनीत कॅमे साबणाची जाहिरात सांभाळणाऱ्या या तरुणाने मे १९३१ मध्ये तीन पानांचे टिपण लिहिले : प्रत्येक वस्तूमागे तिचा असा एक माणूस हवा, खप का घटला आणि का वाढला याचा छडा लावणारा. हेच गृहस्थ १९५७ मध्ये अमेरिकेचे संरक्षणमंत्री झाले. साबणावरून थेट सैन्यावर! माझ्या वडिलांना मी हे मुद्दाम सांगितले. त्यांनी वर्तमानपत्राचे पान उलटले.

पण मला अधिक जवळचे वाटले ते आपले किर्लोस्कर. लक्ष्मणराव किर्लोस्कर मुंबईला व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये शिक्षक होते. म्हणजे मास्तरच! ती नोकरी सोडून ते बेळगावला आले, सायकलींचे दुकान काढले, मग लोखंडी नांगराच्या मागे लागले. शेतकरी म्हणत, लोखंडाने जमिनीत विष कालवले जाईल. पहिले सहा नांगर खपायला दोन वर्षे लागली म्हणतात. नांगर तर चांगला होता; अडले होते ते शेतकऱ्याच्या मनातल्या भीतीपाशी. आणि त्यांचे पुतणे शंकरराव? शिक्षण चित्रकलेचे, पण कारखान्याच्या मालाची माहिती लोकांपर्यंत जावी म्हणून त्यांनी १९२० मध्ये 'किर्लोस्कर खबर' काढले आणि त्यातून मराठीतले एक नामवंत मासिक उभे राहिले. प्रॉडक्ट मार्केटिंग हा शब्द त्यांच्या कानांवर गेला नसेल, पण काम तेच. हे वाचून मला धीर आला. त्या धीराच्या भरातच मी पहिली चूक केली.

कंपनीने नवा प्रोग्रॅम काढला होता. मी त्याचे पत्रक लिहिले. मथळा मोठ्या अक्षरांत : 'तुमचे बिल नियमाप्रमाणे आहे का?' खाली, बिल कुठे कुठे चुकते त्याचे नऊ मुद्दे. शुद्धलेखन निर्दोष. पाच हजार प्रती सातारा, कऱ्हाड, सांगली या भागांत वाटल्या. दीड महिन्यात फोन आले अकरा, आणि त्यांतले तीन तर प्रिंटरची शाई मिळेल का, असे विचारणारे होते. सांगलीच्या गणपती पेठेतून आलेला आमचा मुलगा म्हणाला, "बाई, पत्रक बघितलं की दुकानदार आधी गल्ला बंद करतात. त्यांना वाटतं, करवाल्यांचा माणूस आला."

मला घाम फुटला. माझ्या लक्षात आले की मी पत्रक लिहिलेच नव्हते. मी वह्या तपासल्या होत्या. लाल शाईने. बारा वर्षांची सवय, समोरच्याचे चुकले कुठे ते आधी दाखवायची! मालक रागावले नाहीत, हेच जास्त भीतिदायक होते. "दिवाळीपर्यंत बघू," एवढेच म्हणाले. नोकरीत 'बघू' या शब्दाचा अर्थ काय, हे वाचकांना सांगायला नको. त्या रात्री मी यजमानांना विचारले, "शाळेत परत घेतील का?" ते म्हणाले, "झोप आता." आणि दोघेही जागे राहिलो.

सकाळी मी मालकांकडे एकच मागणे मागितले : मला वीस दिवस द्या. रोज एका दुकानात सकाळपासून शटर ओढेपर्यंत बसू द्या. विकणार काही नाही, बोलणारही नाही. शाळेत एक गोष्ट मी शिकले होते. ज्याला समजत नाही तो मुलगा हात वर करत नाही; तो खिडकीबाहेर पाहतो. त्याला काय समजलेले नाही ते त्याला विचारून कळत नाही, त्याच्या बाकाशेजारी जाऊन उभे राहावे लागते. बाजारात मी नेमके तेवढे करायचे विसरले होते.

दुकानांतून मी जे पाहिले ते असे. सकाळी संगणक सुरू होतो, उदबत्ती ओवाळली जाते. दुपारी दोनचार बिले होतात. संध्याकाळी सहा ते आठ गिऱ्हाइकांची रांग लागते, आणि त्या दोन तासांत संगणकाला कोणी शिवत नाही. हिशेब साबणाच्या खोक्याच्या पुठ्ठ्यावर, पेन्सिलीने. उधारी चोपडीत. दुकानदाराच्या तोंडी आकडे असे धावतात की माझे गणित लाजावे. मग रात्री? रात्री ते पुठ्ठे घरात जातात. जेवणे आटपतात, ओटा पुसला जातो, मुले झोपतात, आणि अकरा वाजता दुकानदाराची बायको पुठ्ठ्यांवरचे आकडे संगणकात भरत बसते. वीस दुकानांपैकी तेरा दुकानांत हेच. मालक पैसे मोजून प्रोग्रॅम विकत घेतो, आणि तो वापरते भलतीच व्यक्ती, जिला आमच्या कंपनीतले कोणी कधी एक शब्दही विचारलेला नव्हता. मला एकदम मामींचा चष्मा आठवला. ती चार पाने मी मामांसाठी लिहिली होती. वाचली होती मामींनी.

एका वहिनींना मी विचारले, "यात सर्वांत त्रासाचं काय?" त्या म्हणाल्या, "कराचं काही नाही हो, ते मशीन करतं. पण कोणाकडे किती उधारी राहिली ते मला सापडत नाही. आणि हे मला विचारतात."

पुण्याला परतून मी प्रोग्रॅम बनवणाऱ्या मुलांपुढे हे मांडले. त्यांतला प्रमुख हुशार, पण जरासा उर्मट. "उधारीची यादी आहे की, बाई. सातव्या पानावर." मी म्हणाले, "अरे बाबा, सातव्या पानावरचं उत्तर परीक्षकही वाचत नाही." दोन आठवडे आमची झकाझकी चालली. अखेर यादी पहिल्या पानावर आली, अक्षरे मोठी झाली आणि सारे मराठीत झाले. या कामात निम्मा वेळ असा घरच्यांशीच भांडण्यात जातो, हे मला कोणी आधी सांगितले नव्हते.

नव्या पत्रकावर नऊ मुद्द्यांऐवजी एकच ठेवला. मथळा होता, 'रात्री अकराला हिशेब लिहिणाऱ्या वहिनींना'. आणि खाली, पुठ्ठ्यावरचे आकडे भरायचा वेळ निम्मा कसा होतो, उधारी एका बोटावर कशी सापडते. विकणाऱ्या मुलांना ताकीद दिली की दुकानदाराशी बोलून झाले की 'घरी हिशेब कोण लिहितं?' एवढे विचारल्याशिवाय निघायचे नाही. दिवाळीपर्यंत फोन उचलायला आणखी एक मुलगी ठेवावी लागली. मालक पुन्हा 'बघू' म्हणाले नाहीत. शाळेतल्या पगाराची बरोबरी व्हायला मात्र तीन वर्षे लागली. हेही सांगितले पाहिजे, नाहीतर कोणी तरुण शिक्षिका माझे ऐकून उद्याच राजीनामा द्यायची.

आता पुष्कळ जणी विचारायला येतात. बँकेतल्या, प्रयोगशाळेतल्या, एक तर परिचारिका होती. मी त्यांना आधी घरखर्चाचे विचारते. सहा महिन्यांचा खर्च गाठीशी नसेल तर पुढे बोलत नाही. मग विचारते, तुमच्या हाताखालून जी माणसे गेली त्यांच्याविषयी तुम्हांला असे काय ठाऊक आहे, जे वस्तू बनवणाऱ्याला ठाऊक नाही? त्या परिचारिकेने क्षणाचाही विचार न करता सांगितले, "रुग्ण गोळी विसरत नाहीत, मॅडम. डबीचं झाकण उघडत नाही म्हणून घेत नाहीत." तिला मी लगेच म्हटले, हे कागदावर लिही आणि अर्जाला जोड. पदविका वगैरे नंतर घेता येतात; मी तीही घेतली, रविवारी, मुलीशेजारी बसून अभ्यास करून.

वडिलांचे म्हणाल तर त्यांनी ही नोकरी कधीच मान्य केली नाही. शेजाऱ्यांना ते आजही सांगतात, "मुलगी कंपनीत शिकवते." मी ते दुरुस्त करायचे सोडून दिले आहे.

२०२५ साली ऐन सणाच्या तोंडावर, २२ सप्टेंबरपासून, कराचे दर पुन्हा बदलले. २०१७ च्या नोव्हेंबरात शांपू २८ वरून १८ वर आला होता, तो आता ५ वर आला. टूथपेस्ट, केसांचे तेल, बिस्किटे, सारी त्याच्या मागोमाग. मी पुन्हा एक पान लिहिले, या वेळी मामींच्या नावे, आणि त्यांना ते आधी फोनवर वाचून दाखवले. त्यांनी दोन शब्द बदलायला लावले. बरोबरच होते त्यांचे.

त्या लक्ष्मीपूजनाला कऱ्हाडच्या दुकानात चोपडीशेजारी संगणकही पाटावर बसला. मामींनी त्याला हळदकुंकू वाहिले, अक्षता टाकल्या. रात्री साडेअकराला त्यांचा फोन आला. आवाज रडवेला.

"सूनबाई, पाचाची कळ दाबलीच जात नाही गं! आणि यंदा तर जे ते पाच टक्के!"

मी त्यांना कळ कशी उचकटायची ते सांगितले. खाली तांदळाचा दाणा निघाला.