लक्ष्मीपूजन पाचला, किक-ऑफ सहाला

हा लेख मी १६ ऑक्टोबरच्या रात्री संपादकांकडे पाठवतो आहे. अंक तुमच्या हातात पडेल तेव्हा रग्बी विश्वचषकाच्या उपांत्यपूर्व फेरीचे निकाल लागलेले असतील. माझी कोणती भाकितं फुसक्या लवंगीसारखी निघाली, ते चकली खाता खाता तपासा. हसायला पूर्ण परवानगी आहे.

लिहायचं कारण पंचांगात आहे. यंदा नरकचतुर्दशी आणि लक्ष्मीपूजन एकाच दिवशी, रविवारी २७ ऑक्टोबरला आलं आहे. त्याच संध्याकाळी सहा वाजता योकोहामात विश्वचषकाचा दुसरा उपांत्य सामना आहे. येत्या रविवारी, २० तारखेला, जपानने दक्षिण आफ्रिकेला हरवलं तर लक्ष्मी घरात यायच्या वेळेला जपान मैदानात उतरणार. हा पेच एदोगावातल्या किती घरांत पडला आहे माहीत नाही, आमच्या घरात पडला आहे.

आधी कबुली देतो. महिन्याभरापूर्वी मला रग्बीतलं ओ की ठो कळत नव्हतं. जपानीत अशा माणसाला ‘निवाका’ फॅन म्हणतात. निवाका-आमे म्हणजे अचानक कोसळणारी सर, तसा अचानक उगवलेला फॅन. आपल्या भाषेत वळवाचा फॅन. सध्या नोझोमीपासून नोमिकाईपर्यंत सगळीकडे आम्हीच आहोत.

भारतातल्या आजी-आजोबांसाठी खेळ थोडक्यात सांगतो. दोन्हीकडे पंधरा-पंधरा माणसं. चेंडू अंड्यासारखा, त्यामुळे टप्पा कुठे पडेल ते त्यालाही माहीत नसतं. पळायचं पुढे, पण हाताने पास द्यायचा मागे. सरकारी कामाचा अनुभव असलेल्यांना हे लगेच समजतं. समोरच्याला कबड्डीसारखं धरून पाडायचं. स्क्रम म्हणजे दहीहंडीचा थर आडवा करून दुसऱ्या मंडळाच्या थरावर ढकलायचा. पलीकडच्या रेषेपार चेंडू टेकवला की ‘ट्राय’, पाच गुण. हे सगळं ऐंशी मिनिटं चालतं, आणि मग हेच लोक एकमेकांच्या गळ्यात पडतात. या वेळी तर परदेशी संघ सामन्यानंतर प्रेक्षकांना कमरेत वाकून नमस्कार करू लागले आहेत. मला हे जमायला दोन वर्षं लागली होती.

आता उरलेले आठ. शनिवारी ओइताला इंग्लंड आणि ऑस्ट्रेलिया. इंग्लंडचे प्रशिक्षक एडी जोन्स ऑस्ट्रेलियन, त्यांची आई जपानी-अमेरिकन, बायको जपानी, आणि २०१५मध्ये ते जपानचे प्रशिक्षक होते. म्हणजे इंग्लंड जिंकलं तर निम्म्या जगाने आनंद मानायला हरकत नाही. ऑस्ट्रेलियाने १९९१ आणि १९९९मध्ये करंडक नेला, पण यंदा गटात वेल्सकडून २५–२९ हरले. माझं मत इंग्लंडला. शिवाय इंग्लंड आणि स्कॉटलंड ज्या ‘कलकत्ता कप’साठी खेळतात तो कलकत्त्यातल्या क्लबने १८७८मध्ये बँकेतले चांदीचे रुपये वितळवून घडवला होता. कपाला नागाचे कान आणि झाकणावर हत्ती. भांडं आपल्याकडचं आहे, एवढा लोभ असणारच.

त्याच संध्याकाळी चोफूला न्यूझीलंड आणि आयर्लंड. आयर्लंड स्पर्धेला आलं तेव्हा जगात पहिल्या क्रमांकावर होतं. त्यांना आजवर उपांत्यपूर्व फेरी ओलांडता आलेली नाही. दरवर्षी बोर्डात येणारं आणि प्रवेश परीक्षेला ताप भरणारं एखादं मूल असतं, तसं. पण गेल्या नोव्हेंबरमध्ये डब्लिनला त्यांनीच न्यूझीलंडला १६–९ हरवलं होतं, हे विसरू नये. न्यूझीलंड १९८७, २०११, २०१५चे विजेते. सामन्याआधीचा त्यांचा हाका पाहून आमच्या मजल्यावरची चार वर्षांची मुलगी रडली आणि दुसऱ्या दिवसापासून भाजी नको असली की स्वतःच हाका करते. आणखी एक गंमत पाहा. आठापैकी चार संघांचे प्रशिक्षक न्यूझीलंडचे आहेत: त्यांचा स्वतःचा, आयर्लंडचा, वेल्सचा आणि जपानचा. रग्बीतला लातूर पॅटर्नच म्हणा ना.

रविवारी दुपारी वेल्स आणि फ्रान्स. वेल्सच्या सरावाला किताक्युशूत पंधरा हजार लोक जमले आणि त्यांनी वेल्श भाषेत गाणं म्हणून दाखवलं. पाहुण्याची भाषा पाठ करणारं गाव आणि ते ऐकून पाणावलेले दांडगे गडी, हे दृश्य मला कुठल्याही ट्रायपेक्षा आवडलं. फ्रान्सचं काही सांगता येत नाही. तीन वेळा अंतिम फेरीत गेले, तिन्ही वेळा हरले. पंगतीत बसावं आणि जिलबी आपल्यापर्यंत येता येता संपावी. यंदा अर्जेंटिनाला २३–२१, टोंगालाही २३–२१. मी वेल्स म्हणतो, आणि म्हणूनच फ्रान्स जिंकण्याची शक्यता आहे.

दक्षिण आफ्रिकेबद्दल मात्र विनोद सुचत नाही. सहा सप्टेंबरला कुमागायात सरावाच्या सामन्यात त्यांनी जपानला ४१–७ असं लोळवलं. कर्णधार सिया कोलिसी हा त्यांच्या कसोटी संघाचा पहिला कृष्णवर्णीय कर्णधार, पोर्ट एलिझाबेथजवळच्या वस्तीत गरिबीत वाढलेला. चेस्लिन कोल्बे साधारण माझ्या उंचीचा आहे आणि साम्य तिथेच संपतं. डोकं सांगतं, हे जिंकतील.

पण १३ तारखेनंतर आमच्या घरात डोक्याचं कोणी ऐकत नाही.

बारा तारखेचं तुम्हा सगळ्यांना आठवतंच, पण नातेवाइकांसाठी सांगतो. एकोणीस क्रमांकाचं वादळ, हागिबिस, त्या संध्याकाळी आलं. आपल्या वॉर्डाची सुमारे ७० टक्के जमीन समुद्राच्या भरतीपेक्षा खाली. मे महिन्यात वॉर्डाने घरोघरी पुराचा नकाशा वाटला होता. त्यावर आपल्याच वॉर्डाबद्दल छापलं होतं, ‘इथे थांबून चालणार नाही’. तेव्हा आम्ही तो फ्रिजवर लावून वर डब्यांची यादी चिकटवली होती. बारा तारखेला सकाळी सूचना आली आणि सव्वाचार लाखांहून जास्त लोकांना घर सोडायला सांगितलं गेलं. आम्ही पासपोर्ट, झाईर्यू कार्डं, थेपले आणि देव्हाऱ्यातली बाळकृष्णाची मूर्ती घेऊन शाळेच्या व्यायामशाळेत गेलो. संध्याकाळी वर भूकंपाचा धक्काही बसला. आराकावाचं पाणी कुठवर आलं ते सगळे फोनवर बघत होते. शेजारच्या चटईवरच्या आजोबांनी लेकीला विचारलं, “उद्या सामना होईल का?” त्यांना स्कॉटलंडची काळजी होती. न्यूझीलंड–इटली आणि इंग्लंड–फ्रान्स हे त्या दिवशीचे सामने रद्द झाले होते. जपानचाही रद्द झाला असता तर बरोबरी धरून जपान न खेळताच पुढे गेला असता. लेक म्हणाली, “तसं नको.” आजोबा म्हणाले, “तसं नको.” त्यांच्यात एकमत झाल्यावर मला झोप लागली.

बांध टिकले. आपण वाचलो. नागानो, फुकुशिमा, मियागीत अनेक घरं मात्र पाण्याखाली गेली, कितीतरी माणसं गेली. योकोहामाचं मैदान त्सुरुमी नदीच्या पुराचं पाणी साठवायच्या जागेत खांबांवर उभं आहे. रात्री त्याच्या पोटात तळं झालं होतं, आणि दुसऱ्या संध्याकाळी वर सामना झाला. कामाइशीत नामिबिया–कॅनडा सामना रद्द झाल्यावर कॅनडाचे खेळाडू फावडी घेऊन रस्त्यावरचा चिखल काढत होते.

जपान २८, स्कॉटलंड २१. रशिया, आयर्लंड, सामोआ आणि स्कॉटलंड, चारही सामने जिंकून जपान पहिल्यांदाच शेवटच्या आठात. १९९५मध्ये हाच संघ न्यूझीलंडकडून १४५–१७ असा हरला होता.

या संघातली माणसं आमच्या घरात नातेवाइकांसारखी झाली आहेत. केन्की फुकुओकाने स्कॉटलंडविरुद्ध दोन ट्राय केले. तो रग्बी सोडून डॉक्टर व्हायचं म्हणतो. ही बातमी सौभाग्यवतींना कळल्यापासून रग्बी हा चांगला खेळ झाला आहे. केइता इनागाकी ‘न हसणारा माणूस’ म्हणून प्रसिद्ध आहे. त्याने स्कॉटलंडविरुद्ध आयुष्यातला पहिला आंतरराष्ट्रीय ट्राय केला, तरी हसला नाही. असे एक काका आपल्या प्रत्येक लग्नाच्या फोटोत असतात. पीटर लाबुस्काख्नी (हे आडनाव मला अजून नीट जमत नाही) मूळचा दक्षिण आफ्रिकेचा आणि कुबोटाच्या संघाचा. हो, गावाकडे आपल्या चुलत्यांच्या शेतात चिखलणी करतो त्याच ट्रॅक्टरवाल्या कुबोटाचा. रविवारी तो जपानकडून दक्षिण आफ्रिकेविरुद्ध उभा राहील.

३१ जणांतले जवळपास निम्मे जपानबाहेर जन्मले आहेत. कर्णधार मायकेल लीच न्यूझीलंडचा, आई फिजीची, पंधराव्या वर्षी साप्पोरोच्या शाळेत आला. २०१५मध्ये ब्रायटनला दक्षिण आफ्रिकेविरुद्ध शेवटच्या क्षणी किक मारून बरोबरी साधता आली असती. त्याने स्क्रम मागितला आणि जपान ३४–३२ जिंकला. आता या संघाने ह्यूगाला जाऊन राष्ट्रगीतात ज्या खड्यांच्या दगडाचा उल्लेख आहे त्याच्यासमोर उभं राहून ते गीत गायलं.

लेकीने परवा नियम वाचून दाखवला: देशात सलग तीन वर्षं राहिलात तर त्या देशाच्या रग्बी संघातून खेळता येतं. (पुढच्या वर्षाअखेरपासून पाच होणार आहेत.) मग विचारलं, “बाबा, आपल्याला नऊ झाली. म्हणजे तुम्ही जपानकडून खेळू शकता?” कायम वास्तव्यासाठी दहा लागतात आणि स्क्रमसाठी तीन, हे मला तोवर सुचलंच नव्हतं. (हाय-स्किल्ड व्हिसावाल्यांनी गप्प बसावं.) मी हसून पोटाकडे बोट दाखवलं. तिने प्रश्न सोडला नाही. क्रिकेटमध्ये आपण भारताचे, मग रग्बीत जपानचे कसे, असं शाळेतल्या मुलाने तिला विचारलं होतं. तिने काय सांगितलं, असं मी विचारलं. ती म्हणाली, “लीचला पण विचार, असं सांगितलं.”

तर भाकीत: अंतिम सामना न्यूझीलंड आणि जपान, करंडक न्यूझीलंडला. पहिला अर्धा भाग डोक्याचा नाही हे मान्य.

आणि मंडळाच्या कार्यकारिणीला विनंती. २७ तारखेला तोक्योत सूर्य पाचच्या आत मावळतो, अमावास्या त्याआधीच लागलेली असते, म्हणजे प्रदोषकाळ पाचलाच मिळतो. पूजा सव्वापाचला सुरू केली तर आरती पावणेसहाला होईल आणि प्रसादाच्या वाट्या भरेपर्यंत राष्ट्रगीतं. जपान हरला असेल तर वेळापत्रक तेच ठेवा, वेल्स किंवा फ्रान्स पाहू. सभागृहात प्रोजेक्टर आहे. वायर मी आणतो.